पांढरी चाचणी

आमच्या ह्यांना न्यायाची खोड आहे. कुणाच्या नवऱ्याला पत्त्यांची असते, कुणाच्या नवऱ्याला दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडून आत डोकावायची असते, ह्यांना न्यायाची. मनी लहान असताना तिच्या वाढदिवसाचा केक हे स्वतः कापायचे आणि सगळ्यात लहान तुकडा तिच्या ताटलीत टाकायचे. का, तर घरच्या मुलीला मोठा तुकडा दिला असं आलेल्या पोरांना वाटायला नको. पोरं खाण्यात गुंग, त्यांना कुठलं काय वाटतंय. मनी मात्र आधी त्या तुकड्याकडे बघायची आणि मग बापाकडे. मी गुपचूप माझा तुकडा तिच्या ताटलीत सरकवला की हे माझ्याकडे असे बघायचे, जशी काही मी बँक लुटलीय.

अशा माणसाला महिला आइस हॉकीच्या राष्ट्रीय निवड समितीवर घेतलं तेव्हा सगळ्यांनी आमचं अभिनंदन केलं. मी तोंडदेखलं हसले. आपली मुलगी गोलकीपर आहे आणि आता तिच्या ताटलीत काय पडणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

मनी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी कुठूनही पडली तरी मांजरासारखी पायांवरच उतरायची म्हणून मनी. पुढे बर्फाच्या रिंकवरही तेच नाव पडलं.

आमच्याकडे हा खेळ खेळणारी माणसं मोजकीच. खेळातलं ज्याला चार गोष्टी कळतात तो कुठल्या ना कुठल्या खेळाडूचा बाप, मामा, नाहीतर एकेकाळचा कोच असतोच. नातेवाईक सोडून समिती नेमायची म्हटली तर खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतील. यावर संघटनेने एक तोडगा काढला होता, त्याला सगळे पांढरी चाचणी म्हणतात. चाचणीच्या दिवशी सगळ्या मुलींनी संघटनेच्या गोदामातले एकसारखे पांढरे कपडे घालायचे. मास्क पांढरा, पॅड पांढरे, स्टिकसुद्धा गोदामातलीच. पाठीवरचा नंबर पिशवीत हात घालून काढायचा. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त सचिवांना माहीत. मुली बर्फावर उतरल्या की मग निवड समितीच्या तिघांना वरच्या काचेच्या खोलीत नेऊन बसवायचं. त्यांनी नंबरांना मार्क द्यायचे, माणसांना नाही. आणि एवढं करूनही एखादीला ओळखलंच, तर निमूटपणे खुर्ची सोडून खाली यायचं. हा नियम ह्यांनीच सुचवला होता, हे सांगायला नकोच.

शिवाय समितीवर असेपर्यंत कुणाचाही सराव बघायला जायचं नाही. त्यामुळे दोन वर्षं ह्यांनी मनीला खेळताना पाहिलं नव्हतं. तिला रिंकवर सोडायचे आणि बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचे. थंडीत काचा धूसर व्हायच्या, तरी आत पाऊल टाकायचे नाहीत. मी एकदा म्हटलंसुद्धा, अहो, निदान चहा प्यायला तरी आत जा. तर म्हणाले, चहाच्या टपरीतून बर्फ दिसतो.

या वेळी पहिल्यांदाच आपला महिला संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. दोन गोलकीपर न्यायच्या. त्यातली एक अनुभवी, तिची जागा पक्की. उरलेल्या एका जागेसाठी दोघी होत्या. एक आमची मनी आणि दुसरी बेकरीवाल्यांची मुलगी. तिला रिंकवर भिंत म्हणतात. अंगापिंडाने दोघी एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. तशाही गोलकीपरच्या कपड्यांत सगळ्याच जणी कपाटासारख्या दिसतात. दोघी एकाच जागेच्या मागे असूनही त्यांच्यात कधी वाजलं नाही. भिंत आमच्याकडे येऊन मनीच्या पलंगावर लोळायची, मनी तिच्याकडे जाऊन गरम पाव खाऊन यायची. मला काकू आणि ह्यांना काका. पोरगी गोड आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे मी तिच्याशी जे वागले ते ती वाईट होती म्हणून नव्हे.

चाचणी शनिवारी सकाळी झाली. मी घरीच होते. दुपारी हे एकटेच परत आले. मुलींना निकाल कळेपर्यंत रिंकवर थांबायचं होतं. बूट काढून थेट स्वयंपाकघरात आले आणि टेबलाशी बसले. मी चहा ठेवला.

"ओळखली मी तिला," हे म्हणाले.

"कुणाला?"

"मनीला. चार नंबर."

खेळ सुरू व्हायच्या आधी मनी दर वेळी स्टिकने गोलच्या डाव्या खांबाला टक करते, मग उजव्या खांबाला टक करते, आणि मग हाताने मास्कच्या हनुवटीला स्पर्श करते. ती एवढीशी होती तेव्हा ह्यांनीच शिकवलं होतं. मान न वळवता खांब कुठे आहेत ते अंगाला कळलं पाहिजे म्हणून. हनुवटीचं मात्र तिचं तिनेच जोडलं. चार नंबरने गोलपाशी उभी राहताच तेच केलं, असं हे सांगत होते.

"मग खुर्ची सोडलीत ना?"

ते समोरच्या रिकाम्या कपाचा कान चोळत बसले.

"बघायचं होतं मला," ते म्हणाले. "दोन वर्षांत पाहिलंच नव्हतं गं. काय खेळत होती, काय सांगू तुला. पकची चकती सुटायच्या आधी ही तिथे. एकदा तर दोघीजणी समोरून आल्या, मी हातातलं पेन्सिल-बिन्सिल सगळं खाली टाकलं. शेजारचे दोघं माझ्याकडे बघायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. खोकल्याचं सोंग केलं."

मला एवढा आनंद झाला की मी साखर दोनदा घातली. "म्हणजे झाली निवड."

"नाही," हे म्हणाले. "मी मार्क अगदीच कमी दिले."

"कुणाला?"

"चार नंबरला. उद्या कुणी म्हणायला नको की बापाने निवडलं. दुसरीही चांगली आहे. चांगलीच असणार."

मी गॅस बंद केला. ऐकायला नीट यावं म्हणून.

"आणि कमी मार्क दिले की कारण सांगावं लागतं ना तुमच्यात?"

"सांगितलं. डाव्या बाजूचा खालचा कोपरा उघडा राहतो म्हणून."

"राहतो?"

"नाही," हे म्हणाले.

मी काय काय बोलले ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. तुमच्या न्यायाला आग लागो, इथून सुरुवात झाली. तुम्हाला मुलगी झाली की साक्षीदार, असंही म्हणाले. कोण म्हणणार होतं, एकाचं तरी नाव सांगा, म्हटलं. त्यांना एकही नाव सांगता येईना. मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांचं हे नेहमीचंच आहे, चूक केली की माणूस इतका गरीब होतो की भांडायचीही चोरी. शेवटी ठरलं एवढंच, की मनी रडत घरी आली की दोघांनी तिला जवळ घ्यायचं आणि यातलं अवाक्षर काढायचं नाही.

मनी आली ती केस ओले, गाल लाल. खांद्यावरची भली मोठी बॅग दारातच टाकली.

"आई, झालं," ती म्हणाली.

"जाऊ दे बाळा," मी तिला जवळ ओढलं. "पुढच्या वर्षी."

"अगं पुढच्या वर्षी काय? निवड झाली. मी जातेय."

मी तिच्या खांद्यावरून ह्यांच्याकडे पाहिलं. ते खुर्चीवरून अर्धवट उठले होते, तसेच राहिले.

मनीच्या तोंडाचा पट्टा सुटला. भिंत कशी रडली, पण मग तिनेच हिची बॅग गाडीपर्यंत कशी उचलून आणली. पिशवीतून हिचा नऊ नंबर निघाला, गोदामातल्या पॅडला कसला वास होता. मग ती बापाच्या समोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात कमरेवर.

"बाबा, खरं सांगा. ओळखलंत मला?"

"नाही," हे म्हणाले.

"बघ आई, नाहीच ओळखलं! मी सगळा वेळ खांबांना स्टिकच लावली नाही. एकदाही नाही. हात शिवशिवत होते नुसते. पण म्हटलं, टक केलं की बाबा ओळखणार, ओळखलं की खुर्ची सोडून खाली जाणार, आणि मग उगाच बोलणं होणार. मला नीट निवडून यायचं होतं. आणि गंमत म्हणजे भिंत करते ते. मीच शिकवलं तिला मागच्या वर्षी, ती फार पुढे सरकायची म्हणून. आता हनुवटीसकट करते."

हे खाली बसले. मी मनीला म्हटलं, आधी केस पूस, सर्दी होईल. ती गाणं गुणगुणत आत गेली.

घरातल्या दोन प्रामाणिक माणसांनी एकमेकांना न विचारता प्रामाणिकपणा केला, की असं होतं. बापाने आपली समजून जिला पाडलं ती भिंत होती. चांगली असणारच म्हणून जिला वर नेलं, ती आपली मनी.

"मी अध्यक्षबाईंकडे जातो," हे म्हणाले.

"गप्प बसा," मी म्हटलं.

"अगं, त्या मुलीचा काय दोष?"

"आणि हिचा काय दोष? आता आत जाऊन सांगणार आहात का तिला? की तुझी जागा चुकून तुला मिळाली, परत दे? आधी तिला पाडायला निघालात, ते जमलं नाही, आता उचलून घेता?"

"खोटं आहे ते सगळं."

"असू दे. तुम्ही केलंत ते कुणाला माहीत आहे? मला. आणि मी काही बोलणार नाही. भिंत लहान आहे, जाईल पुढच्या वर्षी."

भिंत मनीपेक्षा तीन महिन्यांनी लहान आहे. एवढं मी तोंड वर करून म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी बँक लुटल्यासारखं नाही. उलट आधाराला हात पुढे करावा तसं पाहिलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. पण तोंडातून शब्द गेला होता, आणि मला तो परत घ्यायचा नव्हता.

माझं काम दातांचं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी कवळ्या करते, दातांवर बसवायच्या टोप्या करते, आणि आमच्या सगळ्या हॉकीवाल्यांची, खेळताना दातांवर घालायची माउथगार्डही मीच करते. आधी तोंडाचा ठसा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतायचं, ते सुकलं की जबडा तयार. मग मऊ प्लास्टिकचा जाड पत्रा यंत्रात तापवायचा. तो मधोमध लोंबायला लागला की जबड्यावर खाली दाबायचा, खालून हवा ओढून घेतली की दातन्‌दात उमटतो. गार झालं की कात्रीने कडा कापायच्या. प्रत्येकीचा जबडा मी फळीवर ठेवते, पुन्हा पुन्हा ठसा घ्यायला नको म्हणून. गोलकीपर एका रांगेत, बाकीच्या दुसऱ्या रांगेत. नावं लिहीत नाही, मला दातांवरून कळतं कोण ते.

सोमवारी सचिवांचा फोन आला. संघाच्या रंगाची माउथगार्ड पाहिजेत, जाणाऱ्या सगळ्यांची. मी फळीवरून मनीचा जबडा काढला. शेजारी भिंतीचा होता. पुढचा एक दात किंचित आडवा, म्हणून ती फोटोत तोंड मिटून हसते. मी मनीचं काम करायला घेतलं आणि पत्रा जाळला. दुसरा घेतला, तोही जास्त तापला, भोक पडलं. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालेलं नाही. डॉक्टरीणबाई वासाने आत डोकावून गेल्या, म्हणाल्या, बरं वाटत नसेल तर घरी जा. घरी काय कमी वास होता?

घरी मनी बॅग भरायची आणि पुन्हा उपसायची. हे तिला बघून हसायचे आणि हसताना त्यांचं तोंड आंबट व्हायचं. ताटातलं तसंच उरायचं, त्यांच्याही आणि माझ्याही. मनीला वाटायचं, आपण जाणार म्हणून आईबाप हळवे झालेत. ती आम्हा दोघांना समजावायची. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, म्हणायची.

मी स्वतःला पटवायचे की पुढच्या आठवड्यात विमान उडालं की संपलं. नंतर कोण कशाला आठवण काढतंय. आणि आईने आपल्या पोरीची बाजू घ्यायची नाही तर कुणी घ्यायची. हे सगळं रोज सकाळी पटायचं आणि कामावर जाईपर्यंत उतरायचं.

गुरुवारी दुपारी भिंत दवाखान्यात माझ्या खोलीत आली. लंगडत होती.

"काकू, फाटलं," तिने माउथगार्ड माझ्या हातात ठेवलं. डाव्या बाजूने दाढांखाली आरपार चावलेलं. करून फार दिवस झाले नव्हते.

"दगड चावतेस का गं?"

"जोर येतो ना. सध्या डावीकडे फार पडतेय मी." ती स्टुलावर बसली आणि पॅन्ट गुडघ्याच्या वर घेतली. गुडघा काळानिळा आणि सुजलेला. "मला कारण कळवलं सचिवांनी. डाव्या बाजूचा खालचा कोपरा उघडा राहतो. खरंच राहतो काकू. मला कधी कळलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत एकाही कोचने सांगितलं नाही बघा. बरं झालं कुणीतरी नीट पाहिलं."

माझ्या हातात तिचं माउथगार्ड होतं, मी ते उलटसुलट करत बसले.

"आता मी डावा गुडघा आधीच टाकते," ती सांगत होती. "म्हणजे कोपरा बंद. त्याने काय होतं, उजवीकडे वरचे सुटतात. आधी सुटायचे नाहीत. आमच्या कोच म्हणतात, तू काय करून घेतलंयस हे, सगळं उभं राहणंच बिघडवलंस. पण त्यांना तरी कुठे दिसला होता तो कोपरा? मला माहितीय, जमेल. वर्षभर हेच करणार आहे."

"एवढं दुखतंय तर थांब थोडी," मी म्हटलं.

"थांबून कसं चालेल?" मग ती जरा घुटमळली. "काकू, एक विचारू? आता निवड झालीय, तर काका सराव बघायला आले तर चालेल ना? त्यांना एकदा विचाराल? त्यांच्याइतकं कोपऱ्यांचं कुणाला कळत नाही, मनी नेहमी सांगते. त्यांनी नुसतं उभं राहून पाहिलं तरी बास. आणि मनीला नका सांगू गुडघ्याचं. जाताना तिला वाईट वाटायला नको."

मी तिचा जबडा काढला, पत्रा तापवला, नवीन माउथगार्ड केलं. या वेळी पहिल्याच खेपेला नीट झालं. ती गार पाण्यात बुडवून ते तोंडात घालून बघत होती, दात आवळून मला अंगठा दाखवत होती. त्या पोरीने न केलेल्या चुकीसाठी स्वतःचे पाय मोडून घेणं चालवलं होतं. ती चूक आमच्या घरात बनली होती. ह्यांनी बनवली, आणि मी झाकण लावून ठेवली. ती गेल्यावर मी ॲप्रन काढला आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, खरंच बरं वाटत नाही.

हे घरीच होते. मी चपलाही काढल्या नाहीत. भिंतीच्या गुडघ्याचं सांगितलं, तिचं उभं राहणं बिघडल्याचं सांगितलं. काकांनी एकदा येऊन बघावं असं म्हणतेय, हेही सांगितलं. ते दाराला टेकून उभे होते, तिथून हलले नाहीत.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "मी अडवलं ते चुकलं माझं."

"मला जायचंच असतं तर तू अडवूनही गेलो असतो," ते म्हणाले. "मलाही थांबायचंच होतं." त्यांनी कोट घातला. बटणं वरखाली लागली होती, मी नीट लावून दिली.

तासाभराने परत आले. अध्यक्षबाई पूर्वी स्वतः खेळायच्या, दोन्ही गुडघे गेलेल्या, जिभेला हाड नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्हाला शाबासकी द्यावी की हाकलावं हेच मला कळत नाही, तर मी आपलं हाकलते. ह्यांचे मार्क काढून टाकले. उरलेल्या दोघांच्या मार्कांत भिंत पुढे होती, आणि थोडीथोडकी नाही. भिंतीला सकाळी फोन जाणार होता. मनीला घरच्यांनी सांगावं, ते तुमचं काम, असं बाईंनी बजावलं होतं.

जेवायला बसल्यावर ह्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, सुरुवातीपासून. चार नंबर, खांब, हनुवटी, कमी दिलेले मार्क, खोटा कोपरा, त्यापायी डावा गुडघा टाकत बसलेली भिंत. मनी ऐकत होती. आधी तिला वाटलं बाबा काहीतरी थट्टा करतायत, ती हसलीसुद्धा. मग चमचा खाली ठेवला.

"म्हणजे मी जात नाही," ती म्हणाली.

"नाही बाळा."

"भिंतीला ते कोपऱ्याचं कुणी सांगितलं? की तसलं काही नाहीये म्हणून?"

"सकाळी सांगतील."

"सकाळी कशाला?" तिने टेबलावरचा फोन उचलला आणि तिथेच बसून लावला. "ए, ऐक. तो डावा गुडघा टाकणं बंद कर. अगं, उघडाबिघडा काही नाहीये कोपरा. कुणीतरी काहीतरी सांगितलंय. मला माहितीय ना, म्हणून सांगतेय. आधी उभी राहायचीस तशीच राहा. बाकीचं उद्या कळेल तुला. नाही, काही नाही, सर्दी झालीय." फोन तिने उलटा ठेवला.

मग माझ्याकडे वळली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"शनिवारपासून," मी म्हटलं. "मीच बाबांना थांबवलं होतं. तू जावंस म्हणून."

"मी बॅग भरत होते ती बघत होतीस तू."

"हो."

तिने मान हलवली. मला वाटलं आता ओरडेल, दार आपटून आत जाईल. मी तिच्या जागी असते तर ताटं भिरकावली असती. ती बापाकडे बघत राहिली, लहानपणी बघायची तसंच, पण आता तिच्या ताटलीत सरकवायला माझ्याकडे काही नव्हतं.

"बाबा, चार नंबर तुम्हाला मी वाटले."

"हो."

"आणि तुमच्या मते ती सगळ्यात चांगली खेळत होती."

"हो."

"म्हणजे मी सगळ्यात चांगली खेळतेय असं वाटलं, आणि म्हणून पाडलंत."

अध्यक्षबाईंकडे जाऊन मार्क काढून घेता आले होते. ही गोष्ट कुणाकडे जाऊन काढून घेणार?

"बरं, ते जाऊ दे," मनी म्हणाली. आवाज एकदम लहान झाला तिचा. "नऊ नंबर कशी खेळली? ते सांगा. मी खरंच फार चांगली खेळले होते बाबा. माझ्या मनासारखं. मला वाटत होतं, तुम्ही वरून बघताय आणि तुम्हाला माहीतही नाही की ही मी आहे."

मी टेबलाखालून ह्यांच्या पायावर पाय ठेवला, जोरात. जन्मात एकदा, फक्त आत्ता, माझ्या पोरीसाठी एक वाक्य खोटं बोला, एवढंच मला म्हणायचं होतं. त्यांना कळलं मला काय हवंय ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"मी बघितलंच नाही तुला," ते म्हणाले. "सगळा वेळ मी चार नंबरकडेच बघत होतो. नऊला अंदाजाने मार्क दिले."

मनी उठली, आमची दोघांची ताटं, न संपलेली, एकात एक ठेवली आणि धुवायला घेऊन गेली. नळ बराच वेळ चालू होता. आम्ही दोघं टेबलाशी तसेच बसून होतो, आणि आत जायची हिंमत दोघांपैकी कुणालाच झाली नाही.